शक्तीच्या बेताने

कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटुवेष घेतलेले शंकर तपोवनात पार्वतीपाशी येतात. समिधा, दर्भ, स्नानाचे पाणी सुलभ आहे ना, अशी विचारपूस झाल्यावर ते तिच्या देहाकडे वळतात: हे तप तू आपल्या शक्तीच्या बेताने करतेस ना? कालिदासाने हा प्रश्न प्रत्यक्ष शंकरांच्या तोंडी घातला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आपल्या घरांतून मात्र तो कोणी विचारीत नाही. सासू अंथरुणाला खिळलेली असते. सून रात्रभर जागते, त्यातच एकादशी निर्जळी करते, स्वतःचे दुखणे अंगावर काढते, आणि आपण तिला साध्वी म्हणून मोकळे होतो. या स्तुतीत आपली सोय किती, हे एकदा तपासावे. शास्त्र इतके निष्ठुर नाही. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, औषध यांनी व्रत भंगत नाही, असे धर्मग्रंथच सांगतात. शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देह झिजविणाऱ्यांना गीतेच्या सतराव्या अध्यायाने आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. देवालाही आपण शेजारती करून निजवितो, दुपारी गाभाऱ्याचे दार लोटून घेतो. सुनेच्या खोलीचे दार त्या वेळी उघडेच असते.

कोणी म्हणेल, स्वतःकडे पाहू लागले की सेवा उणावते. अनुभव उलट आहे. झोप न झालेल्या हातून औषधाची वेळ चुकते आणि त्राग्याचा पहिला शब्द रुग्णालाच ऐकावा लागतो. विश्रांती तिनेच मागून घ्यावी, ही अपेक्षाही अन्यायाची. आठवड्यातील दोन-तीन रात्री आईच्या उशाशी मुलाने जागावे.