मूल काय घेऊन येते?

मूल जन्माला येते तेव्हा ते सोबत काय घेऊन येते, हा प्रश्न वरकरणी सुईणीच्या किंवा वैद्याच्या कक्षेतला वाटला, तरी त्याचे उत्तर देण्याचा अधिकार प्रथम धर्मशास्त्राने, मग तत्त्वज्ञानाने आणि अखेरीस शिक्षणशास्त्राने आपल्याकडे घेतला; आणि या तिघांनी दिलेल्या उत्तरांवरच कोणत्या मुलाच्या हाती पाटी द्यायची, कोणाच्या पाठीवर छडी आणि कोणाला दारातूनच परत लावायचे, हे आजवर ठरत आले आहे. १७६२ साली ज्याँ-जाक रूसोचा ‘एमिल’ प्रसिद्ध झाला, तेव्हा पॅरिसच्या न्यायासनाने तो जाळण्याचा हुकूम दिला, आणि ग्रंथकर्त्याच्या जन्मगावी, जिनीव्हातही, त्याची तीच गत झाली. विधात्याच्या हातून मूल निर्दोष येते, ते बिघडते माणसांच्या हातात, हे रूसोचे प्रतिपादन मूळ पापाच्या सिद्धान्तावर उभ्या असलेल्या धर्मपीठाला मानवण्याजोगे नव्हतेच; परंतु मूल म्हणजे अपुरा प्रौढ नसून स्वतःच्या ठायी पूर्ण असा जीव आहे, ही जी श्रद्धा त्या प्रतिपादनातून जन्मली, ती पुढील शतकात जर्मनीत आणि इंग्लंडात कवींनी, चित्रकारांनी आणि तत्त्वज्ञांनी आपलीशी केली, आणि जिला आपण स्वच्छंदतावाद म्हणतो त्या चळवळीचे ती एक अंतःकरणच होऊन बसली. बुद्धीपेक्षा भावना, नियमापेक्षा कल्पना आणि नगरापेक्षा निसर्ग यांना वरचे आसन देणाऱ्या या चळवळीने बालकाला द्रष्ट्याचा मान दिला. शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीने ती श्रद्धा अनाथ मुलांच्या शाळेत नेली, आणि फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली तिला पुढे बालकांच्या बागेचे नाव देऊन शिक्षकाला माळ्याच्या जागी नेऊन बसविले. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली अशा शाळांवर बंदी घातली. खेळणाऱ्या मुलांचेही राज्यकर्त्यांना भय वाटावे, इतके सामर्थ्य त्या कल्पनेत होते.

ही कल्पना मराठी मनाला सर्वस्वी परकी होती असे समजण्याचे कारण नाही. नामदेवाची कथा घ्या. नैवेद्य देवापुढे ठेवायचा आणि घटकाभराने घरी परत आणायचा, हा वडीलधाऱ्यांचा शिरस्ता त्या पोराला ठाऊक नव्हता. म्हणून ते दुधाची वाटी पुढे करून हट्टाला पेटले आणि विठ्ठलाला ते दूध प्यावे लागले. रुसून झोपडीची ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना दार उघडायला लावणारी मुक्ताबाई ही तर भावंडांत सर्वांत धाकटी. बालकाला जे दिसते ते जाणत्याला दिसत नाही, ही जाण वारकरी परंपरेत अशी खोलवर मुरलेली आहे. मात्र ज्या देवळात रात्री हरिदासाने ही आख्याने रंगवावीत, त्याच देवळाच्या ओवरीत सकाळी पंतोजींनी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घ्यावीत, पावकी-निमकी घोकून घ्यावी आणि चुकलेल्याला ओणवे उभे करावे, यात कोणालाही विसंगती जाणवली नाही. कीर्तनातला बालक देवाचा होता. शाळेतला बालक पंतोजींचा होता.

याहून गंभीर असा एक भेद आहे, आणि त्याकडे आपल्या शिक्षणविषयक लेखनात फारसे लक्ष दिले गेलेले नाही. जीव रिकाम्या हाताने येत नाही, जन्मापूर्वीही त्याला अस्तित्व असते, हे गृहीतक इंग्रज कवी वर्डस्वर्थला जसे प्रिय होते तसेच ते आपल्या दर्शनांनाही मान्य आहे. परंतु एकाच गृहीतकातून निघालेले निष्कर्ष किती दूर गेले पाहा. त्या कवीच्या मते मूल सोबत तेज घेऊन येते आणि वयाबरोबर ते मावळत जाते. कर्मविपाकाच्या मते मूल सोबत हिशेब घेऊन येते, आणि मागील जन्माच्या संचिताचे खाते फेडण्यासाठीच त्याला विशिष्ट घरी, विशिष्ट जातीत जन्म मिळतो. अद्वैताने प्रत्येकाच्या ठायी पूर्ण ब्रह्म पाहिले हे खरे, पण व्यवहाराच्या वहीत अंमल चालला तो खात्याचाच. म्हणूनच युरोपात जी कल्पना मुख्यतः कवितेची आणि बालसंगोपनाची बाब राहू शकली, ती महाराष्ट्रात पाऊल टाकताच सामाजिक प्रश्न होऊन उभी राहिली; कारण प्रत्येक मूल विधात्याच्या घरून निर्मळ येत असेल, तर महारवाड्यातले मूलही निर्मळच येते, आणि त्याला शाळेच्या पायरीखाली बसविण्याचा आधार उरत नाही.

मुंबईत वर्डस्वर्थची कविता आली ती विश्वविद्यालयाच्या दप्तरातून. एल्फिन्स्टन कॉलेजच्या प्राचार्यपदी त्या कवीचा प्रत्यक्ष नातू, त्याच नावाचा विल्यम वर्डस्वर्थ, अनेक वर्षे होता, आणि हिंदी लोकांच्या राजकीय आकांक्षांविषयी त्याला वाटणारी सहानुभूती त्या काळी सर्वश्रुत होती. पाठांतराविरुद्ध बंड करणारी कविता आमच्या तरुणांनी परीक्षेसाठी पाठ केली, ही मोठी खेदाची गोष्ट. तरीही त्यातल्या काहींच्या मनात ठिणगी पडली. कृष्णाजी केशव दामले हे त्यांतले अग्रणी. केशवसुत म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते हे कवी पोटासाठी शिक्षक होते, काही वर्षे मुंबईतच शिकवीत होते, आणि नोकरीतली अस्थिरता त्यांच्या पाचवीला पुजलेली होती. त्यांच्या सृष्टिवर्णनांची आणि गूढ अनुभूतींची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला मात्र त्यांच्या काव्यात सर्वांत मोलाची वाटते ती ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’. आपली सावली पडल्याने कोणी विटाळतो म्हणजे काय, हे ज्या मुलाला कळत नाही त्याने आईला प्रश्न विचारावा, आणि त्या प्रश्नापुढे सारे धर्मशास्त्र निरुत्तर व्हावे, यात स्वच्छंदतावादाचे बालक प्रथमच मराठी मातीवर उभे राहिले. इंग्लंडातील कवीचे मूल इंद्रधनुष्य पाहून हरखते, आमच्या कवीचे मूल अन्याय पाहून विचारात पडते. दृष्टी दोघांचीही सारखीच निर्मळ आहे.

कवितेतली ही श्रद्धा शाळेत उतरायला आणखी एक पिढी जावी लागली, आणि तो उतार गिरगावातून सुरू झाला असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने गिरगावात आपले मंदिर उभारले, मूर्ती आणि मध्यस्थ दोन्ही दूर सारून सदसद्विवेकबुद्धीला ईश्वराचा आवाज मानले, आणि तुकोबांच्या अभंगांना आपल्या उपासनेत स्थान दिले. या समाजाचे अनुयायी सदाशिवराव केळकर यांच्या घरी १८९२ साली जन्मलेली कन्या म्हणजे ताराबाई मोडक. १९१४ साली मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेतलेल्या या बाईंनी १९२३ साली भावनगर गाठले आणि दक्षिणामूर्ती संस्थेतील गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात स्वतःला वाहून घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून येऊ लागली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. मूर्तीशिवाय ईश्वर मानायला शिकलेल्या घरातील मुलीला छडीशिवाय शिक्षण मानणे जड गेले नसावे, असे मला वाटते. शिक्षा नाही, बक्षीस नाही, स्पर्धा नाही, मुलाने आपल्या गतीने हाताने काम करावे आणि मोठ्यांनी पाहावे, हा तेथील क्रम पाहून दादरच्या मध्यमवर्गीय पालकांना मुले बिघडतील अशी चिंता वाटली असल्यास नवल नाही.

शिशुविहारातील साधने ज्या मारिया मॉन्तेसोरींच्या पद्धतीची होती, त्या कवी नव्हत्या, वैद्य होत्या. स्वप्नरंजनापेक्षा निरीक्षणावर त्यांची भिस्त होती. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत, आईबाप कामाला गेल्यावर चाळीच्या जिन्यांवर धुडगूस घालणाऱ्या मुलांना कोणीतरी सांभाळावे म्हणून इमारतीच्या मालकांनी दिलेल्या खोलीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. मजुरांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत मुंबईत मात्र मजुरांच्या वस्तीला बगल देऊन सुशिक्षितांच्या घरांत शिरली, हे मान्य केले पाहिजे. दादरचा पूल ओलांडून परळ-लालबागकडे वळले की गिरण्यांचे भोंगे होते. सरकारने १९२० च्या दशकात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली होती १६० चौरस फुटांची. याच दशकात, १९२५ साली, महापालिकेने एफ आणि जी या दोन वॉर्डांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि ही गोष्ट तिच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे. पण सक्ती हजेरीची होती, शाळेतल्या जागेची आणि आनंदाची नव्हती.

येथे स्वच्छंदतावादाला एक खडा सवाल करावा लागतो. निसर्ग हाच गुरू असे म्हणणाऱ्या तत्त्वज्ञानाने, ज्याच्या वाट्याला निसर्ग म्हणून दोन चाळींमधली आभाळाची पट्टी आली आहे, त्या मुलाला काय सांगावे? रूसोने एमिलला खेड्यात नेऊन वाढविले, पण स्वतःची पाच अपत्ये अनाथालयाच्या स्वाधीन केली. बालकाच्या कल्पनेवर प्रेम करणे आणि बालके वाढविणे यांतले अंतर त्या चळवळीच्या मुळाशीच आहे. परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास करून १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना कुरण नव्हे, पुस्तक हवे होते. ज्ञान आतून उमलते हे खरे, पण ज्यांच्यापासून ते पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून अडवून धरले गेले, त्यांनी ते बाहेर जाऊन मिळवावे लागते. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युईंच्या हाताखाली शिकून आलेल्या या विद्वानाने पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना निवारा मिळावा म्हणून. त्याच १९३० च्या दशकात, त्याच दादरमध्ये, एका इमारतीत हजारो ग्रंथ आणि दुसरीत लाकडी ठोकळे घेऊन बसलेली मुले होती. ही दोन उत्तरे परस्परांना खोडून काढीत नाहीत. मुलाच्या पूर्णत्वावरील विश्वास आणि ज्ञानावरचा हक्क ही एकाच न्यायाची दोन कलमे आहेत.

कवी नारायण सुर्वे यांनी तिसरे उत्तर दिले. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी उचलून घरी आणलेले हे मूल गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि पुढे शिक्षक झाले. १९६२ सालच्या पहिल्याच कवितासंग्रहाला त्यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे नाव दिले, आणि १९६६ साली रस्त्यालाच ‘माझे विद्यापीठ’ म्हटले. अद्वैताची सनद कामगाराच्या पोराच्या नावे करून देणारी ही कृती मला धर्मविचारातलीही मोठी घटना वाटते. परंतु या उदाहरणाने मोहून जाऊन दारिद्र्य हीच उत्तम शाळा असा निष्कर्ष कोणी काढू नये. रस्त्याच्या विद्यापीठात दाखल झालेल्या असंख्य मुलांतून एक सुर्वे वर आले, बाकीच्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

ताराबाईंनी हा सवाल टाळला नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने वापरून तेच शिक्षण आदिवासी मुलांना दिले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. निसर्ग तेथे काव्याचा विषय न राहता पोटाच्या व्यवसायाची जागा होता, आणि शिक्षण त्याच जागी जाऊन बसले. अंगणवाडी हे नाव या प्रयोगातूनच आले, आणि १९७५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांमुळे ते देशभर गेले.

मुंबईच्या गिरणगावाला, म्हणजे त्या लालबाग-परळला, असे अंगण मिळण्याची एक संधी आली होती. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्यांच्या जमिनींचा सुमारे एक-तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे यावा अशी तरतूद केली. २००१ साली तिच्यात दुरुस्ती होऊन वाटणी इमारती नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. लालबाग-परळच्या मुलांचे कुरण असे कागदोपत्री आटले. दुसरीकडे मॉन्तेसोरींचे नाव लावलेली महागडी बालमंदिरे त्याच भागातील मनोऱ्यांच्या तळमजल्यांवर उघडली आहेत, आणि जी श्रद्धा प्रत्येक मुलासाठी होती ती शुल्क भरू शकणाऱ्यांच्या मुलांपुरती उरू पाहत आहे. हे स्वच्छंदतावादाचे अपयश नव्हे. आमच्या नागरिकत्वाचे आहे. म्हणून ज्यांची मुले अशा बालमंदिरांत जातात त्या पालकांना माझी विनंती आहे, की त्यांनी आपल्या वॉर्डातली एक अंगणवाडी स्वतः जाऊन पाहावी, आणि तेथील मुलांना हातपाय पसरण्याइतकी जागा नसेल, तर ती मागण्यासाठी त्या मुलांच्या आईबापांसोबत वॉर्ड कचेरीत अर्ज घेऊन जावे.