विटेवरचा काळ

‘काळ आणि भरती कोणासाठी थांबत नाहीत’ या आशयाची इंग्रजी म्हण मराठी शाळांतील सुविचारांच्या फळ्यांवर इतकी रुळली आहे की तिचे परकेपण आता जाणवतही नाही. परंतु छत्रपती संभाजीनगरमधील पुंडलिकनगर या वस्तीचे नाव उच्चारताच मराठी मनाला ज्या भक्ताचे स्मरण होते, त्या पुंडलिकाच्या कथेत साक्षात देव थांबला आहे आणि वारकरी श्रद्धेनुसार अठ्ठावीस युगे तो थांबूनच आहे. म्हण आणि कथा यांच्यातील हा विरोध वरवरचा आहे की काळाविषयीच्या दोन दृष्टी त्यातून प्रकट होतात, हे तपासण्याजोगे आहे.

इंग्रजीतील काळविषयक म्हणींचा मुख्य रोख अपव्यय टाळण्याकडे आहे. ‘वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो’ ही म्हण टॉमस फुलर यांच्या 1732 मधील संग्रहात आढळते आणि ती तत्परतेचा व्यावहारिक लाभ सांगते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1748 मध्ये तरुण व्यापाऱ्याला उपदेश करताना ‘वेळ म्हणजे पैसा’ हे सूत्र मांडले. दिवसाला दहा शिलिंग मिळवू शकणारा माणूस अर्धा दिवस रिकामा बसला, तर त्याने पाच शिलिंग फेकून दिले असे समजावे, हा त्यामागील हिशेब होता. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी 1904-05 मध्ये याच उपदेशात आधुनिक भांडवलशाहीच्या वृत्तीचा नमुना पाहिला, कारण त्यात वेळेची काटकसर ही नुसती सोय न राहता नैतिक कर्तव्य बनलेली दिसते.

तत्परतेची ही शिकवण मराठीला नवी नव्हती. ‘बैल गेला अन् झोपा केला’ या म्हणीतील झोपा म्हणजे गोठ्याचे दार, आणि ते दार उशिरा लावणाऱ्याची निष्फळता तिच्यात नेमकी पकडली आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे तर पाण्यासाठी झगडणाऱ्या मराठवाड्याला कोणी सांगावे लागत नाही. तथापि दोन्ही भाषांतील या म्हणी वेळ वाचवावी कशी हे शिकवतात. वाचलेली वेळ कोणाला द्यावी, या प्रश्नापाशी त्या मौन धरतात, आणि पुंडलिकाची कथा नेमकी तेथून सुरू होते.

परंपरेनुसार पुंडलिकाने तारुण्यात आईवडिलांची उपेक्षा केली. काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मातृपितृसेवेचे माहात्म्य उमगल्यावर तो पालटला आणि पुढे त्यांच्या सेवेत इतका रमला की श्रीकृष्ण दारी आले असताही त्याने हातचे काम सोडले नाही, तर एक वीट पुढे सरकवून त्यांना तिच्यावर उभे राहण्यास सांगितले. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवताना श्रीकृष्ण स्वतःला लोकांचा संहार करणारा काळ म्हणवतात, आणि वारकरी संप्रदाय विठ्ठलाला त्या श्रीकृष्णाचेच रूप मानतो. या दोन श्रद्धा एकत्र ठेवल्या तर असा अर्थ निष्पन्न होतो की, कुरुक्षेत्रावर जो कोणासाठीच थांबला नाही तो काळ एका माणसासाठी विटेवर थांबला, आणि थांबण्याचे कारण त्या माणसाचे ऐश्वर्य किंवा तप नसून त्याने म्हाताऱ्या आईवडिलांना दिलेली वेळ हे होते.

हा आळसाला दिलेला आधार मुळीच नव्हे, कारण पुंडलिक कर्तव्य लांबणीवर टाकत नाही. समोर असलेले कर्तव्य पुरे करण्यासाठी तो देवदर्शनही लांबवतो. तारुण्यातील वाया गेलेली वर्षे त्याच्या खात्यावर मांडली जात नाहीत, ही गोष्ट फ्रँकलिनच्या हिशेबात बसणारी नाही, पण पश्चात्तापाला अर्थ आहे असे मानणाऱ्या कोणत्याही धर्मविचारात ती बसते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातीलच पैठणच्या संत एकनाथांविषयीची आख्यायिकाही हेच सांगते: रामेश्वराला अर्पण करण्यासाठी काशीहून आणलेली गंगा त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली आणि दीर्घ यात्रेचे फळ त्या एका क्षणातच मिळाले असे मानले. दोन्ही कथांत पवित्र क्षण पंचांगावरून ठरत नाही. समोरच्या जिवाची गरज तो ठरवते.

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचे मंदिर आहे आणि विठ्ठलाच्या आधी पुंडलिकाचे दर्शन घेण्याचा प्रघात वारकऱ्यांनी जपला आहे. सेवा आधी आणि साक्षात्कार नंतर, हा क्रम त्या प्रघातात आचरणाच्या रूपाने टिकून आहे. इंग्रजी म्हण खोटी ठरत नाही: नदीला पूर येतो, आयुष्य सरते, आणि वृद्ध आईवडिलांची तर फारच थोडी वर्षे उरलेली असतात. पण काळ थांबत नाही या सत्यातून धावपळीचाच निष्कर्ष काढणे अपुरे आहे. तो थांबत नाही म्हणूनच ज्यांच्यापाशी तो सर्वांत कमी उरला आहे, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे, आणि हा हक्क मान्य करणे हीच पुंडलिकाच्या कथेने मराठी माणसावर टाकलेली जबाबदारी आहे.