रिकाम्या आसनाचा धनी

रोहिणखेडच्या उतारूस मुंबईची आगगाडी धरावयाची म्हणजे मलकापूर गाठावे लागते. शयनयानाचे तिकीट घेऊन तो रात्री फलाटावर उभा असतो, तेव्हा त्याच गाडीच्या वातानुकूलित डब्यात काही जागा मोकळ्या असण्याचा संभव असतो. त्यांचे काय करावे, ह्या प्रश्नाला रेल्वेने २००६ पासून एक उत्तर दिले आहे: पूर्ण भाडे भरणाऱ्यांपैकी काही उतारूंस, त्यांची संमती असल्यास, अधिक पैसा न घेता वरच्या वर्गात बसवावे. निवड यंत्र करते. विमान कंपन्यांचा न्याय निराळा. तेथे पुढील दालनातील मोकळे आसन बहुधा नित्याच्या गिऱ्हाइकास मिळते, नाही तर बोली लावणाऱ्यास. आणि कित्येकदा ते रिकामेच आकाशमार्गे जाते.

रिकामे आसन रिकामेच नेण्यात कोणाचे हित? वरवर पाहता कोणाचेच नाही. परंतु फुकट मिळण्याची आशा एकदा लागली की उद्या पूर्ण मोल कोण देईल, ही कंपनीची भीती! ह्या भीतीचे मर्म द्यूप्वी नामक फ्रेंच इंजिनियराने १८४९ मध्येच उघड केले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांवर छप्पर नसे, ते काही फळ्यांचा खर्च परवडत नसे म्हणून नव्हे. छप्पर घातल्यास दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा मनुष्यही तिसऱ्यात बसेल, म्हणून. गरिबाशी कंपनीचे वैर नसते. त्याला भिजवून ऐपतदाराला भिववावयाचे असते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे पुढल्या आसनाच्या किमतीत मागल्याच्या गैरसोयीचाही वाटा आहे.

अधिक पैसे देऊन पाय पसरावयास जागा घेणे, ह्यात मला पाप दिसत नाही; गुडघे धरलेल्या आईसाठी मुलाने ती घेतली, तर ते कर्तव्यच होय. पुढच्यांच्या पैशामुळे मागच्यांचे भाडे कमी राहते, असेही सांगतात, व ते काही अंशी खरे आहे. आक्षेप आहे तो गैरसोय जाणूनबुजून राखण्याला.

ह्या दृष्टीने रेल्वेची यांत्रिक निवड बोलीपेक्षा मला अधिक सभ्य वाटते; तीत कोणी कोणाचा मिंधा होत नाही. तथापि तिलाही एक अट आहे. सवलतीच्या तिकिटावरील उतारूचा तेथे विचारच होत नाही. कर्करोगाचा रोगी उपचारासाठी मुंबईस निघाला, तर त्याच्या व्याधीकडे पाहून रेल्वेनेच त्याला भाड्यात सूट दिलेली असते. आणि वर जागा मोकळी असता त्या सुटीपायीच तो आपल्या बाकावर राहतो. शेजारचा धडधाकट तरुण मात्र गार डब्यात जाऊन निजतो.