गोळी घडविणाऱ्याचा हिशेब

गोळी घडविणारा हा गोळी झाडणाऱ्याइतकाच जबाबदार असतो काय? कारखान्यात शेकडो हात असतात, आणि प्रत्येकाला म्हणता येते, 'मी नुसते यंत्र फिरविले.' पण घरी बसून, एकट्याने, रायफलीची गोळी करणारा माणूस घेतला म्हणजे ही पळवाट उरत नाही. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय असे करता येत नाही. अमेरिकेत मात्र हा जुना छंद आहे. म्हणून उदाहरणे तिकडचीच घेतो.

१९४३ साली युद्धामुळे तिकडे शिकाऱ्यांना चांगल्या गोळ्या मिळेनात. तेव्हा कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन या गृहस्थाने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्यांचे साचे तयार केले. झाडून फेकलेल्या बारीक काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांचे कवच करायचे, त्यात शिशाचा तुकडा बसवायचा, आणि हातप्रेसचा दांडा ओढून साच्यात दाबायचे. 'रॉक चक' नावाचा, खारीच्या कुळातला पण चांगला मोठा प्राणी मारण्यासाठी हा खटाटोप होता.

वाचकहो, अशा कारागिराची चिकाटी पाहून कौतुक वाटते. तो एकेक गोळी तोलतो. ग्रेनच्या दहाव्या भागाचा, म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅमचा, फरक पडला तरी ती बाजूला टाकतो. (सोनारही इतका चिकित्सक असेल की नाही कोण जाणे!) कारण वजनात किंवा आकारात वाकडी असलेली गोळी भरकटते, आणि जनावर मरण्याऐवजी जखमी होऊन रानात तडफडत राहते. तेव्हा या काटेकोरपणात दयेचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र मारावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर तराजू देत नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात तुबल-काइन लोहार येतो. त्याच्या हत्यारांचे पुढे काय झाले, हे तेथे सांगितलेले नाही.

१९४६ मध्ये जॉन नॉस्लर हा शिकारी ब्रिटिश कोलंबियात गेला असता चिखलाने माखलेला एक मूस, म्हणजे सांबरापेक्षाही थोराड प्राणी, पुष्कळ गोळ्या खाऊनही पडेना. गोळ्या वरवरच फुटत होत्या. त्याने घरी परतून मध्ये तांब्याचा पडदा असलेली गोळी स्वतः घडविली. तिचे टोक पसरते, पण मागचा भाग शाबूत राहून खोल जातो. आता हे पाहा. टोक पसरणारी गोळी आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात सरहद्दीवरील लढायांसाठी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेने तिला युद्धात क्रूर म्हणून बंदी केली. तीच जात शिकारीत दयाळू ठरते, कारण जनावर लवकर मरते. मला वाटते, यात ढोंग नाही. सैनिकाला लढाईबाहेर काढणे पुरेसे असते, त्याचा देह फाडण्याची गरज नसते. शिकाऱ्याला मात्र अर्धवट जखमी सोडणे हेच पाप आहे. पण म्हणूनच गोळीचे टोक कसे असावे हे ठरविणारा हात 'मी फक्त बनविली' असे म्हणू शकत नाही. कोणासाठी, हे त्याने आधीच ठरविलेले असते.

आणि जे त्याने मनातही आणले नव्हते त्याचे काय? पसरणाऱ्या गोळीतील शिशाचे कण मांसात विखुरतात. शिकारी आतडी रानात टाकून येतो, ती गिधाडे खातात. कॅलिफोर्नियाच्या कॉन्डर गिधाडांची संख्या १९८२ मध्ये अवघी २२ वर आली होती, आणि शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण ठरले आहे. कोणाही कारागिराने कॉन्डरवर नेम धरला नव्हता. अखेर १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद झाल्या. तांबे शिशासारखे हाताच्या जोराने सहज दबत नाही. त्यामुळे तेथील पुष्कळांचे जुने साचे आता केवळ लक्ष्यावर नेम मारण्याच्या गोळ्यांपुरते उरले आहेत.