मधली वर्षं कुणाची?

पिंपरीत 'एचए' म्हटलं की लोकांना मैदान आठवतं, कॉलनी आठवते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हे पूर्ण नाव आता क्वचितच कुणी घेतं. १९५४ साली केंद्र सरकारने काढलेली ही पहिली औषध कंपनी. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ती उभी राहिली आणि दुसऱ्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. नुसत्या परक्या तंत्रावर ती जगली नाही. एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध इथेच शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

२०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा परिसरात अरबिंदो फार्माच्या उपकंपनीने सरकारी प्रोत्साहन योजनेच्या बळावर पेनिसिलिन-जीचा कारखाना सुरू केला. क्षमता वर्षाला १५,००० टन. देशात पेनिसिलिन पुन्हा बनू लागलं म्हणून कौतुक झालं, आणि ते रास्तही होतं. पण सत्तर वर्षांपूर्वी सरकारी पैशाने कमावलेली विद्या परत मिळवायला पुन्हा सरकारी पैसाच का लागावा, हे फारसं कुणी विचारलं नाही.

पेनिसिलिन ही बुरशीची कमाई. बुरशीचं वाण उत्पादन देत राहावं म्हणून त्याच्यावर सतत काम करावं लागतं. जगातल्या मोठ्या उत्पादकांनी वर्षानुवर्षं तेच केलं. प्रचंड टाक्यांत निर्जंतुक हवा रात्रंदिवस खेळवावी लागते. परका जंतू शिरला की अख्खी बॅच वाया. असा कारखाना पाच वर्षं बंद ठेवून सहाव्या वर्षी कळ दाबून सुरू करता येत नाही. यंत्रं कदाचित टिकतील; पण टाकीचं बिघडणं वासावरून ओळखणारी माणसं निवृत्त होतात, वाण हातचं जातं.

नव्वदच्या दशकात आयातीची दारं उघडली आणि चीनमधून इतक्या स्वस्तात पेनिसिलिन येऊ लागलं की इथल्या उत्पादकांना टिकणं अशक्य झालं. एचए १९९७ मध्ये आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेली. पुढे पुनरुज्जीवनाची योजना आली, आणि २०१६ मध्ये जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय झाला. सरकारी कंपनीतला ढिसाळपणा मी नाकारत नाही, तो होताच. पण खासगी कारखान्यांनीही त्याच काळात पेनिसिलिन सोडलं, तेव्हा सगळं खापर कामगारांच्या आळसावर फोडता येणार नाही.

मला खरा घोळ खरेदीत दिसतो. एका खात्याने देशी उत्पादनासाठी अनुदान द्यायचं आणि दुसऱ्याने सरकारी दवाखान्यांसाठी निविदा काढून 'एल-वन'ला, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याला, काम द्यायचं. कच्चा माल कुठून येतो, उद्या येईल का, याला त्या तक्त्यात रकानाच नाही. बेंझाथिन पेनिसिलिनचं उदाहरण घ्या. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांना ते दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं टोचावं लागतं. औषध जुनं, पेटंट नाही, नफा नगण्य. जगभर त्याचा वारंवार तुटवडा झाला आहे. अशा औषधाला नुसत्या बाजारावर सोडणं म्हणजे कुणीतरी ते बनवेलच या आशेवर राहणं.

धीर धरला की काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांमध्ये सापडलेल्या ११६-ई या रोटाव्हायरसपासून लस बनवायचं काम १९८०च्या दशकात सुरू झालं. बालरोगतज्ज्ञ महाराज किशन भान त्याच्या मागे ठाम उभे राहिले. जैवतंत्रज्ञान विभाग, भारत बायोटेक आणि परदेशी देणगीदार टिकून राहिले. २०१४ मध्ये परवाना मिळाला आणि २०१६ पासून सरकारनेच ती लस राष्ट्रीय लसीकरणात घेतली. जवळपास तीस वर्षं! मधल्या कुठल्याही वर्षी एखाद्या हिशेबनिसाने 'अजून काय झालं?' असं विचारून दोरी कापली असती, तर त्याला चूक म्हणता आलं नसतं.

आपल्या अनुदानांची घडण मात्र हिशेबनिसाच्या बाजूची आहे. जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योजकाला बायरॅक या सरकारी संस्थेच्या योजनेत ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुदत साधारण १८ महिने. कल्पना तपासायला एवढं पुरतं. त्यानंतर प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च कोटींत जातो आणि तिथे देणारे हात विरळ होतात. संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही ही तक्रार तर इतकी जुनी की कुणाला ती बातमी वाटत नाही. २०२३ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे पाच वर्षांचे ५०,००० कोटी ऐकायला मोठे आहेत, पण त्यातला बराच मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. उद्योग संशोधनावर हात आखडून खर्च करतात, हे दुखणं या आकड्याने कसं बरं होणार?

काकीनाड्याला बळ देणारी ६,९४० कोटींची योजना २०२० च्या मार्चमध्ये मंजूर झाली. चीनमधले कारखाने करोनामुळे बंद पडल्यावर. तहान लागल्यावर खणलेली विहीर. तरीही ती खणली, हे बरंच झालं. तिच्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. पेनिसिलिनसारख्या किण्वनातून बनणाऱ्या मालावर पहिली चार वर्षं विक्रीच्या २० टक्के प्रोत्साहन, २०२७-२८ मध्ये १५ टक्के, २०२८-२९ मध्ये ५ टक्के, मग शून्य. तोवर चीनच्या दराशी बरोबरी होईल, असं त्यात गृहीत आहे. चीनने दर आणखी पाडला तर? सरकारी दवाखान्यांच्या निविदेत देशी पेनिसिलिनला काही वर्षांची हमी देता येईल, किंवा थोडा जादा दर उघडपणे मान्य करता येईल. त्यासाठी २०२९ उजाडायची वाट पाहू नये. औषध विभागाने आणि राज्यांच्या खरेदी महामंडळांनी एका टेबलाशी बसून ते आत्ताच ठरवावं; तेव्हा बसले, तर बोलायला टाकी चालवणारा माणूस उरलेला नसेल.