सांडव्यापाशी थोडा वेळ

निवांत बसा. बाहेर पाऊस असेल तर त्याचा आवाज ऐका. नसेल तर श्रावणातली एखादी रात्र आठवा, नागभीडची, ब्रह्मपुरीची किंवा आरमोरीची. झड लागली आहे आणि दोन दिवस उघडीप नाही.

आता अंगणातलं छोटं तळं डोळ्यांसमोर आणा. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. काठाला लव्हाळा, पाण्यात कमळाची चार पानं, आणि कुणी न बोलावता आलेले बेडूक. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडू द्या. पाणी किती चढलं? दहा सेंटिमीटर, वीतभरही नाही.

मग नजर हळूच छपराकडे न्या. छप्पर 50 चौरस मीटरचं आहे आणि त्याची पन्हळ तळ्यात सोडलेली आहे. त्याच पावसात छपरावरून सुमारे 5,000 लिटर पाणी उतरतं. ते सगळं या तळ्यात आलं तर पातळी 80 सेंटिमीटरांहून जास्त वर जायला हवी. या आकड्यापाशी थांबा. आभाळातून थेट पडलेलं पाणी तळ्याला जड नव्हतं. जड झालं ते आपण जोडून दिलेलं. ती पन्हळ मनातल्या मनात दुसरीकडे वळवून पाहा. निदान पहिल्या पावसात तरी वळवाच, कारण चंद्रपुरात उन्हाळाभर छपरावर कोळशाची धूळ बसलेली असते.

आता मन धानपट्ट्यात जाऊ द्या. इथले मोठे तलाव मालगुजारीच्या काळातले, त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या हातचे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि माजी मालगुजारी तलावांचे ‘मामा तलाव’ झाले. पाळीवरून सावकाश चालत जा. एका टोकाला पाळ मुद्दाम बुटकी ठेवली आहे. हा सांडवा. तलाव भरला की पाणी इथूनच निघतं, नाल्यानं उतरतं आणि पुढच्या तलावात, बोडीत, धानाच्या बांधीत शिरतं. वरच्याला नको झालेलं पाणी खालच्याच्या रोवणीला लागतं. बांधणाऱ्यांनी पाणी अडवायच्या आधी त्याची पुढची वाट पाहून ठेवली होती, आणि मला त्यांचं खरं कसब यातच दिसतं.

तुमच्या तळ्याचा काठ आता नीट न्याहाळा. सगळ्यात खालची जागा कुठे आहे? ती तुम्ही ठरवली नसेल तर पाणी ठरवील, आणि तिथली माती घेऊन जाईल. तिथे दोन हात रुंद, उथळ उतार करा. त्यावर दगड बसवा, पुढे गवत राहू द्या. अरुंद नळीतून पाणी जोरात ओढलं जातं. काही बेडकांची अंडी पाण्यावर पातळ थरात तरंगतात, ती त्या ओढीबरोबर निघून जातात. रुंद तोंडातून तेच पाणी रेंगाळत जातं.

पाण्यासोबत आणखी काय जाईल, तेही पाहा. हौसेनं आणलेलं जलपर्णीचं एक रोप, परदेशी मांगूरची पिल्लं. सांडव्यातून ती नाल्यात जातात, नाल्यातून तलावात. चंद्रपूरच्या रामाळा तलावाला जलपर्णीनं कसं ग्रासलं होतं ते शहरानं पाहिलं आहे. जे नाल्यात गेलेलं चालणार नाही, ते तळ्यातही नको.

शेवटी भामरागड आठवा. इंद्रावती नदी फुगली की तिला मिळणाऱ्या पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे वळतं, पुलावर चढतं आणि गावाचा रस्ता तुटतो. खाली जागा नसेल तर वरचा सांडवा कितीही चांगला असो, पाणी तुंबणारच. म्हणून तुमच्या सांडव्याची वाट अंगणाच्या कुंपणापर्यंत चालत जा. पलीकडे खड्डा आहे, केळीची बाग आहे की शेजाऱ्याची भिंत? भिंत असेल तर मृग लागण्याआधी त्यांच्याकडे जा, दोघं मिळून उतार पाहा, आणि चर कुठून काढायचा ते तिथंच उभं राहून ठरवा.