न घेतलेल्या पैशाचा हिशेब

नोकरीत मी कुणाचा पैसा घेतला नाही. महसुलातला माणूस असं म्हणाला की कामठीच्या चहाटपरीवर लोक गालात हसतात, पण ते खरं आहे. त्याच जोरावर मी फार दिवस मिरवलो. आता वाटतं, एवढ्यावर भागत नाही.

लाचलुचपत खात्याच्या एका सापळ्यात मला पंच म्हणून नेलं होतं. फिनॉल्फथॅलिनची पूड लावलेल्या नोटा, ठरलेला इशारा, मग धावपळ. पकडलेल्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झालं. पंचनाम्यावर सही करताना मनात आलं: आपले हात बुडवले तर पाण्याला रंग येणार नाही. फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच आज लाज वाटते.

कारण ती पूड नोटेला लावता येते, दिरंगाईला नाही. वारसाच्या फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. कुणाची हरकत नसेल तर पुढे अडायचं कारण काय? तरी कागद माझ्या टेबलावर पडून राहत. कधी कामाचा रेटा, कधी नुसता कंटाळा. कन्हानपलीकडच्या एक बाई यायच्या. दारातूनच म्हणायच्या, "जय भीम साहेब, आमच्या कागदाचं झालं का जी?" मी मान वर न करता, "सोमवारी या." हा नमस्कार रूढ करणारे बाबू हरदास कामठीचेच, विडी कामगारांना संघटित करणारे, १९३७ मध्ये इथून निवडून गेलेले. बरोबरीच्या नात्याने घालायचा तो नमस्कार मी फायलीआडून घेत होतो.

दर खेपेला बाईंची रोजी बुडायची. बाहेर बसणाऱ्या दलालाला हे माझ्याआधी कळलं. "साहेबाले द्यावे लागतीन," म्हणत त्याने पैसे घेतले आणि त्याच आठवड्यात मी कागद हातावेगळा केला. मला छदाम मिळाला नाही. पण त्याने विकलं काय? माझा उशीरच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली, तरी सात दिवसांत कळवलं तर सुटका. म्हणजे अडचणीत येणार त्या बाई, आणि मी स्वच्छ.

'आम्ही घेत नाही' म्हणणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. दलालाचा धंदा आमच्याच जिवावर चालतो. घेणारा निदान काम तरी करतो, असं लोक बोलायचे तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही.

राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. सबळ कारणाशिवाय ती चुकवली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा अर्ज दिला की पोच घ्या, त्यावर मुदत लिहून मागा. पैसे मागितले तर १०६४ वर फोन करा. कुणी मागितले नाहीत आणि तरी तारीख उलटली, तर अपील करा. खुर्चीत मी असलो तरी करा.